चार्जरपासून हातभर अंतरावर

‘चार्जिंग स्टेशन सापडत नाही.’ आमचं झाडणारं यंत्र बाईच्या आवाजात, इंग्रजीतून, एवढंच सांगायचं आणि जागच्या जागी बसकण मारायचं. कधी सोफ्याच्या पायाशी, कधी आईच्या पलंगाखाली, तर कधी अगदी चार्जरच्या समोर, हातभर अंतरावर. जागा वेगळी, वेळ वेगळी, वाक्य मात्र तेच. नव्या माणसाचं डोकं चालेनासं होतं ते इथेच. यंत्र बिघडलंय की चार्जर, बॅटरी उतरलीय की आपल्या घराचंच काही आडवं येतंय, त्या एका वाक्यातून काही म्हणता काही कळत नाही.

हे यंत्र आमच्याकडे हौसेने आलेलं नाही. आईला दमा आहे. झाडूने झाडलं की धूळ आधी हवेत उडते, मग बरीचशी परत फरशीवरच बसते, आणि मधल्या वेळात ती आईच्या छातीत जाते. कोरडं झाडणं बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी सकाळी साडेनऊला पतसंस्थेत जाते, परतायला सात वाजतात. आईला वाकवत नाही. कामाला येणाऱ्या ताई फरशी पुसून देतात, पण साताऱ्यातल्या आमच्या या एका इमारतीतच त्यांची चार घरं आहेत. पलंगाखाली, कपाटाखाली रोज हात घालायला त्यांना वेळ कुठून मिळणार? म्हणून हे गोल यंत्र घेतलं. आई त्याला ‘गोल’च म्हणते. ‘अगं, गोल दाराशीच पडलंय,’ असा दुपारी तिचा फोन आला की माझं कामावरचं लक्ष उडायचं. दाराशी पडलं, म्हणजे निम्मं घर तसंच राहिलं. आणि आई काठी टेकत ज्या वाटेने मोरीकडे जाते, त्या वाटेत पायात येणारी एक वस्तू आली. हे दुसरं मला जास्त सतावायचं.

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलाने मॉडेलचा नंबर विचारला आणि लगेच सांगितलं, ‘मॅडम, फॅक्टरी रीसेट करा.’ केलं. यंत्राने आमच्या घराचा शिकलेला नकाशा पुसला गेला. हॉल कुठे, स्वयंपाकघर कुठे, देवघराच्या पाटाजवळ जायचं नाही, हे सगळं त्याला नव्याने शिकवावं लागलं, आणि शिकून झाल्यावर ते पुन्हा आईच्या खोलीत जाऊन थांबलं. त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्यासमोर लिहिलेलं असेल ते त्याने वाचून दाखवलं. पण माझं आता ठाम मत आहे की रीसेट हा अगदी शेवटचा उपाय. अ‍ॅपमधल्या नकाशावर यंत्र कोणत्या वाटेने गेलं, कुठे घुटमळलं, कुठे थांबलं याची बारीक रेघ उमटलेली असते. आपल्या हातात पुरावा म्हणून काय असेल तर तेवढंच. तेच पुसून टाकल्यावर शोधायचं कशाच्या आधारावर?

पतसंस्थेत रोजमेळ जुळला नाही तर आम्ही वही नव्याने लिहायला घेत नाही. कोणत्या नोंदीपर्यंत जुळत होतं ते आधी बघतो, फरक त्याच्या पुढे कुठेतरी असतो. इथेही तेच करायचं ठरवलं. ‘ते परत का येत नाही’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ‘ते कुठपर्यंत येतं’ एवढंच बघायला लागले. त्यासाठी ते मुळात परत कसं येतं, हे समजून घेणं भाग होतं. पुस्तिका वाचली, जाणकारांना विचारलं, हळूहळू चित्र उभं राहिलं.

आमच्या यंत्राच्या डोक्यावर एक बुटकी टोपी आहे. तिच्या आत लेझर गरगर फिरतो. भिंतीवर, कपाटावर आपटून परत येणाऱ्या किरणावरून तो अंतर मोजतो आणि त्यातून खोलीचा आकार काढतो. चाकं किती फिरली याचीही मोजणी आत चालू असते. या दोन्हींचा मेळ घालून यंत्र स्वतःला सांगत राहतं की मी आत्ता इथे आहे आणि चार्जर तिथे आहे. काम संपलं किंवा बॅटरी बरीच खाली आली की ते या नकाशाच्या भरवशावर चार्जरच्या अलीकडे येऊन पोचतं. पण नकाशा तिथपर्यंतच पुरतो. पुढे यंत्राच्या अंगावरच्या दोन लहानशा धातूच्या पट्ट्या चार्जरच्या दोन पट्ट्यांवर नेमक्या टेकायच्या असतात. नकाशात बोटभर जरी फरक असला तरी तो इथे चालत नाही.

म्हणून शेवटच्या टप्प्यात यंत्र उजेड बघून चालतं. चार्जरच्या पुढच्या बाजूला काळसर प्लास्टिकची एक खिडकी असते. तिच्यातून इन्फ्रारेड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले अवरक्त किरण बाहेर पडतात. टीव्हीच्या रिमोटमधून निघतात तेच. आपल्याला ते दिसत नाहीत, यंत्राच्या पुढच्या डोळ्याला दिसतात. रुम्बा नावाच्या झाडणाऱ्या यंत्रांच्या तांत्रिक पुस्तिकेत चार्जरच्या डाव्या-उजव्या किरणांना लाल बोया आणि हिरवा बोया अशी नावं दिली आहेत, बंदरात शिरणाऱ्या जहाजाला वाट दाखवणाऱ्या बोयांवरून. एकच दिसला तर यंत्र एका बाजूला सरकलेलं आहे, दोन्ही एकदम दिसले तर ते मधोमध आहे. मग सरळ पुढे जायचं, पट्टीला पट्टी टेकवायची, की वीज सुरू. आपण कुठे आहोत ते कळणं, तिथवरची वाट निभावणं, उजेड दिसणं आणि धातूला धातू लागणं, एवढं सगळं ओळीने जमलं तर ते ‘परत आलं’. यातलं काहीही बिनसलं तरी यंत्र बोलतं ते तेच एक वाक्य. मला वाटतं, बनवणाऱ्यांनी इथे ग्राहकावर थोडा अन्याय केला आहे. उजेड दिसला नाही की वाट अडली, एवढं तरी वेगवेगळं सांगायला हवं होतं.

वाचता वाचता मी बरीच मागे गेले. विल्यम ग्रे वॉल्टर नावाचे मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ इंग्लंडात ब्रिस्टलला काम करायचे. १९४८-४९ मध्ये त्यांनी तीन चाकांची, वर कवच असलेली दोन यंत्र-कासवं बनवली, एल्मर आणि एल्सी. बॅटरी भरलेली असताना ही कासवं प्रखर उजेडापासून दूर पळायची आणि बॅटरी उतरत आली की त्याच उजेडाकडे ओढली जायची. तो दिवा लावलेला असायचा त्यांच्या चार्जिंगच्या खोपटात. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असंच एक यंत्र पांढऱ्या भिंतींच्या बोळांतून हिंडत काळे प्लग-पॉइंट शोधायचं आणि स्वतःला जोडून घ्यायचं. घरात झाडणारी यंत्रं आली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. इलेक्ट्रोलक्सचं ट्रायलोबाइट २००१ मध्ये विक्रीला आलं, रुम्बा २००२ मध्ये. पहिल्या रुम्बाला परत जाता येतच नव्हतं, माणसानेच त्याला वायर जोडायची. स्वतः चार्जरवर जाऊन बसणारं रुम्बा आलं २००४ मध्ये. हे कळल्यावर माझी घालमेल बरीच कमी झाली. झाडण्यापेक्षा परत येणं अवघड आहे, रुम्बा घडवणाऱ्यांनाही ते नंतर जमलं, तर आमचं गोल अडखळतंय यात नवल नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी चार्जरच्या बाजूला फरशीवर ठाण मांडून बसले आणि यंत्राला परत बोलावलं. ते स्वयंपाकघरातून निघालं, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून थेट चार्जरसमोर आलं. हातभर अंतरावर थांबलं. थोडं डावीकडे वळलं, थोडं उजवीकडे, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. चार्जर त्याच्या नाकासमोर होता. अखेर ते वाक्य आलं. मला मात्र त्या दिवशी हायसं वाटलं, कारण निदान अर्धं तरी जुळलं होतं. नकाशा ठीक, चाकं ठीक, वाट ठीक. अडलं होतं ते उजेडापाशी.

न दिसणारा उजेड तपासायची युक्ती सोपी आहे आणि ती प्रत्येकाला माहीत असावी. मोबाइलचा कॅमेरा इन्फ्रारेड टिपू शकतो. बऱ्याच मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यावर हे किरण अडवणारी काच असते, म्हणून पुढचा, सेल्फीचा कॅमेरा घ्यावा. आधी टीव्हीच्या रिमोटवर खात्री करून घ्यायची. खोलीत थोडा अंधार करून रिमोटचं कोणतंही बटण दाबलं की पडद्यावर त्याच्या टोकाशी जांभळट पांढरा ठिपका लुकलुकतो. तसा तो माझ्या मोबाइलवर दिसला. मग मोबाइल चार्जरच्या काळ्या खिडकीसमोर धरला. काहीच नाही. पार काळोख. चार्जरवरचा बारीक हिरवा दिवाही लागलेला नव्हता. भिंतीकडे बघितलं तर प्लगचं बटण बंद.

‘आई, हे बटण कोणी बंद केलं?’

‘मीच केलं,’ आई पलंगावरून म्हणाली. ‘अगं, गोल बाहेर फिरतंय, तिथे कोणी नाही. रिकाम्या चार्जरला वीज कशाला जाळायची?’

तिचं म्हणणं तिच्या जागी शंभर टक्के बरोबर होतं. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक प्लगला भिंतीवर बटण असतं आणि काम झालं की ते बंद करायचं, हे तिच्या पिढीच्या हाताला लागलेलं वळण आहे. मोबाइलचा चार्जर मोबाइल काढल्यावर निकामी असतो, त्याचं बटण बंद करावंच. पण या चार्जरचं काम यंत्र बाहेर असतानाच चालू असतं, तो दिवा धरून उभा असतो. परदेशात लिहिलेल्या पुस्तिकेत ही गोष्ट ठसवून सांगायचं कुणाला सुचणार? मी आईजवळ बसून हिशेब मांडला. नुसता उभा असताना असा चार्जर फार वीज खात नाही. तीन वॅट धरले तरी चोवीस तास आणि तीस दिवस मिळून महिन्याला दोन युनिटांच्या जरा वर. ‘एवढंच ना?’ म्हणून आईने स्वतःच जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात ‘बंद करू नये’ लिहिलं आणि बटणाच्या वर चिकटवलं. बटण चालू करून मी पुन्हा कॅमेरा धरला, तेव्हा काळ्या खिडकीत जांभळे ठिपके ओळीने पेटलेले दिसले. इतके दिवस ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते.

पण प्रश्न एवढ्यावर मिटला नाही. दुपारची फेरी सुरळीत व्हायला लागली, सकाळची मात्र अधूनमधून अडायची, आणि तीही तशीच, चार्जरच्या तोंडाशी. बटण चालू, दिवा चालू, पट्ट्या स्वच्छ. थंडीचे दिवस होते. सकाळी आई गॅलरीत खुर्ची टाकून कोवळ्या उन्हात बसते, तेव्हा गॅलरीचं दार सताड उघडं असतं. आमची गॅलरी पूर्वेची. त्या दिवसांत सकाळचं तिरपं ऊन हॉलमध्ये आतवर येतं आणि त्याचा एक लांबट पट्टा नेमका चार्जरवर पडायचा. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतं आणि ते भरमसाट असतं. भर उन्हात विजेरी लावली तर ती लागली आहे की नाही हेसुद्धा समजत नाही, तशी गत त्या यंत्राच्या डोळ्याची होत होती. खात्री करायला मी वर्तमानपत्र उघडून उन्हाच्या आड धरलं. चार्जरवर सावली पडली आणि यंत्र सरळ जाऊन बसलं.

चार्जर हॉलच्या आतल्या भिंतीला हलवला. पुस्तिकेप्रमाणे दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर दीड मीटर मोकळं सोडायचं होतं, ते आईच्या शिवणाच्या टेपने मोजून घेतलं. आमच्या हॉलमध्ये तेवढी जागा काढायला चपलांचं कपाट दाराबाहेर न्यावं लागलं, पण ती जागा खरोखर लागते. यंत्र एकदम सरळ येत नाही, ते दोन्ही किरणांच्या मधोमध येण्यासाठी डावं-उजवं करत येतं, आणि बाजूला कुंडी किंवा वर्तमानपत्रांचा गठ्ठा असला की त्याला वळायला जागाच उरत नाही. चार्जर हलवल्यावर यंत्र आधी त्यावर बसवून तिथूनच फेरी सुरू करायची, हेही महत्त्वाचं आहे. नाहीतर ते इमानेइतबारे चार्जरच्या जुन्या जागी जातं. आणि गुळगुळीत फरशीवर चार्जर स्वतःच घसरतो. यंत्र बसायला आलं की त्याच्या धक्क्याने मागे सरकतो, पट्ट्या टेकत नाहीत. मागे भिंत हवी आणि खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप.

कडप्प्याच्या उंबरठ्याने मात्र माझी खरी परीक्षा घेतली. हॉल आणि आईची खोली यांच्यामध्ये जुन्या पद्धतीचा कडप्प्याचा उंबरठा आहे, दीड सेंटिमीटर उंचीचा. यंत्र दोन सेंटिमीटरपर्यंत चढतं, असं पुस्तिकेत म्हटलं होतं आणि ते आत जाताना सहज चढूनही जायचं. मग कधीकधी बाहेर येताना काय व्हायचं? नकाशावरची रेघ सांगत होती की ते खोलीच्या दारापर्यंत यायचं, मागे जायचं, दाराच्या दुसऱ्या कडेने प्रयत्न करायचं, पुन्हा मागे. चार्जर तर लांबच, त्याची खोलीतूनच सुटका होत नव्हती. एका सुट्टीच्या शनिवारी मी दाराशी उभी राहून बघितलं. ते आलं, पुढची कड जेमतेम उंबरठ्यावर टेकली, आणि जिन्याच्या तोंडाशी आल्यासारखं दचकून मागे सरलं.

यंत्र उलटं करून पाहिलं. खालच्या बाजूला, कडेने, नखाएवढ्या काळ्या खिडक्या आहेत. त्यांतूनही इन्फ्रारेडच निघतं. ते फरशीवर आपटून परत आलं तर खाली जमीन आहे, नाही आलं तर पुढे खड्डा आहे, जिना आहे, मागे फिरा. ही सोय नसती तर यंत्र जिन्यावरून खाली गडगडलं असतं. पण काळा पृष्ठभाग उजेड गिळतो. उजेड परत फिरला नाही, की यंत्राच्या लेखी तिथे जमीनच नसते. मग आत जाताना ते कसं जात होतं? उत्तर ताईंच्या हातातल्या फडक्यात होतं. दुपारची फेरी सुरू व्हायची तेव्हा उंबरठ्यावर धुळीचा राखाडी थर असायचा. यंत्र आईच्या खोलीत असताना ताई येऊन हॉल पुसायच्या, जाता जाता उंबरठ्यावरून ओलं फडकं फिरवायच्या, आणि कडप्पा काळाभोर व्हायचा. ओला दगड कोरड्यापेक्षा जास्त काळा असतो, हे आपण रोज बघतो. मी टॉवेलने उंबरठा कोरडा केला, पंखा लावला, थोडा वेळ थांबले. यंत्र चढून बाहेर आलं. पुन्हा आत ठेवलं, उंबरठा मुद्दाम ओला केला, तर ते पुन्हा मागे सरलं. ताई बादली खाली ठेवून बघत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे त्याला ती विहीर वाटतीय होय? मग मी उंबरा शेवटी पुसत जाईन, ते बाहेर आल्यावर.’ आणि त्या दिवसापासून त्या तसंच करतात. मी उंबरठ्यावर फिकट रंगाची एक रुंद चिकटपट्टीही लावली आहे.

यावर दुसरा एक उपाय लोक सुचवतात, खालच्या त्या खिडक्यांवरच कागद चिकटवायचा. तो करू नये, असं मी कळकळीने सांगेन. आमच्या गॅलरीला एक पायरी आहे. कुणाच्या घरात जिना असतो. ते डोळे झाकले की यंत्राला कडा दिसणारच नाही.

आणखी एक खुळावणारी गोष्ट नकाशावर सापडली. आईच्या कपाटाच्या मागे, जिथे शेजाऱ्यांची भिंत आहे, तिथे नकाशाने एक तिरकी, त्रिकोणी खोली काढली होती. अशी खोली अस्तित्वातच नाही. कपाटाच्या दाराला खालपर्यंत आरसा आहे, लेझर त्यावरून उलटून खोलीतल्याच वस्तू मोजत होता आणि यंत्र त्या आरशापलीकडे मांडत होतं. आपण कुठे आहोत याचा अंदाज यानेही हलतो. आरशाच्या तळाशी, यंत्राच्या टोपीच्या उंचीला, कागदाची पट्टी लावली. पुढच्या नकाशात ती खोली गेली.

पुढच्या छोट्या चाकाकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आमच्या यंत्राची नकाशावरची रेघ सरळ भिंतीलाही हळूहळू तिरकी व्हायला लागली, म्हणून मी ते चाक ओढून बाहेर काढलं. आसाभोवती केस आणि गजऱ्याचा दोरा इतका घट्ट आवळला होता की चाक फिरतच नव्हतं, नुसतं फरफटत होतं. देवासाठी वळलेल्या वातींचा कापूसही त्यात होता. नखाने निघेना, शेवटी शिवणाची छोटी कात्री लागली. चाक अडलं की यंत्र घसरतं, घसरलं की चाकांची मोजणी आणि प्रत्यक्ष जागा यांत अंतर पडतं. आता दर रविवारी आई केर भरायच्या सुपलीत ते चाक मागून घेते आणि स्वतः साफ करते. बसून करता येणारं काम आहे, तिला ते आवडतं.

पट्ट्यांचं सांगायचं तर साताऱ्याच्या पावसाळ्यात त्या काळवंडतात. यंत्र येऊन बसतं, ‘चार्जिंग’ म्हणतं, आणि थोड्या वेळाने आपणहून मागे येऊन पुन्हा बसायला बघतं. असं दिसलं की आधी प्लग काढायचा, मग यंत्राच्या आणि चार्जरच्या दोन्ही पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसायच्या. डाग हट्टी असेल तर शाळेचं साधं खोडरबर चालतं. पाणी नको. आणि हे सगळं ठीक असूनही ते दूरच्या खोलीतून येता येता वाटेतच पूर्ण बंद पडत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली असं समजावं. ती बदलून मिळते.

एक अडचण अजून शिल्लक आहे. आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते, पावसाळ्यात वाऱ्याने जाते. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि वायफाय आहे, चार्जरचा प्लग नाही. यंत्र फिरत असताना वीज गेली की चार्जरचा उजेड विझतो. यंत्र शहाण्यासारखं परत येतं, बरोबर जागी येतं, हातभर अंतरावर थांबून काळोखात शोधत राहतं आणि शोधताना उरलेली बॅटरी संपवतं. वायरमनला विचारलं, तर म्हणाला, इन्व्हर्टरची लाइन त्या प्लगपर्यंत ओढता येईल. आमचा साधा चार्जर यंत्र चार्ज करतानाही पंख्याहून कमी वीज घेतो, त्यामुळे अडचण नाही. ज्यांच्या चार्जरला धूळ ओढून घेणारी टाकी असते त्यांनी मात्र आधी त्याच्यावर लिहिलेले वॅट बघावेत, ती मोटर बरीच मोठी असते. वायरमन पुढच्या रविवारी येणार आहे. तोवर वीज गेली की आई मला पतसंस्थेत फोन करते, गोल कुठल्या खोलीत आहे ते सांगते, आणि ते तिच्या वाटेत नसेल तर मी मोबाइलवरून त्याला तिथेच थांबवून ठेवते, म्हणजे वीज आल्यावर परत यायला त्याच्याकडे पुरेशी बॅटरी राहते.